रकाना सात

रकाना सात: संशोधनाचे विशेष क्षेत्र.
जागा बसच्या तिकिटाएवढी.

अंजारिया मॅडम म्हणाल्या, घाई करू नकोस,
विषय म्हणजे पाच वर्षांचा भाडेकरू,
नंतर निघत नाही.
वाहतुकीत पैसा आहे, आकडे आहेत.
घरबांधणीत फार गर्दी झालीय.
पालिकेच्या जमाखर्चात कुणी शिरत नाही,
तिथे गेलीस तर तुला सगळे घाबरतील. मीसुद्धा.

फॉर्म पर्समध्ये घालून महिनाभर बडोदं हिंडले.
न्यायमंदिरापाशी उभी राहून रिक्षा मोजल्या,
एकशे बाराला चुकले, परत एकपासून.
मकरपुऱ्याला शटल रिक्षात सहावी बसले,
अर्धी आत, अर्धी शहरात.
तरसालीत एका बाईला विचारलं, पाणी किती वेळ येतं?
ती म्हणाली, बेन, आधी सांग, तू कोणाकडून आलीस?
प्रश्न वहीत उतरवून घेतला.
खाली चार ओळी सोडल्यात.

मग रेकॉर्ड रूम.
वसावाभाईंनी नकाशे काढून दिले,
कापडाची पाठ लावलेले, डांबरगोळ्यांच्या वासाचे.
त्यांवर विश्वामित्री अशी वळत गेलेली
जसं कुणी झोपेत कूस बदलावी,
परत बदलावी, उकडतंय म्हणून.

शीट एकोणीस. एका वळणावर निळी रेघ
मध्येच नाही.
बोट फिरवलं. तेवढाच कागद गुळगुळीत,
इतका पातळ की मागे धरलेला
वसावाभाईंचा अंगठा दिसला.
आणि त्या कोऱ्यावर, नंतरच्या शाईत, प्लॉट 57.
साताच्या कमरेला आडवी दांडी.

अशी दांडी घालणारा बडोद्यात
मला एकच माणूस ठाऊक आहे.
माझ्या सातवीच्या सगळ्या वह्यांवर
ती त्यानेच घातली होती.

बाबा ड्राफ्ट्समन. एकतीस वर्षं.
ट्रेसिंगवरची चूक ते रबराने कधी काढत नसत.
अर्धं ब्लेड, मनगट हलकं, श्वास रोखलेला.
"शाई पुसायची नसते गं, उचलायची असते."

तर, नदी उचलली होती.

सत्तावनवर आता आमचीच सोसायटी आहे,
सरितादर्शन, बी विंग.
मागच्या पुरात लिफ्टच्या खड्ड्यात मगर निघाली,
सव्वाचार फुटांची.
वनखात्याची माणसं येईपर्यंत
मुलं तिला बिस्किटं टाकत होती
आणि सेक्रेटरी कुरेशी वॉचमनवर ओरडत होते,
ही आत आलीच कशी?
बाबा तेव्हा जिन्यात उभे होते, छत्री घेऊन.
काही बोलले नव्हते.

मॅडमना सांगितलं.
त्या बराच वेळ पंख्याकडे बघत बसल्या.
हितसंबंध म्हणतात याला, म्हणाल्या.
पद्धतीच्या प्रकरणात लिहावं लागेल, पहिल्याच पानावर,
नाव-नात्यासकट.
नाहीतर वाहतूक घे.
वाहतूक चांगली आहे.

रात्री ताटावर बाबांनी विचारलं, ठरलं का?
म्हटलं, भू-वापर. नदीकाठचा.
त्यांनी भातावर आमटी घेतली. भात बुडाला
तरी घेतली.
"कुठल्या सालापासून?"
साल सांगितलं.
ते उठले. हात धुवायला गेले, नळ चालूच राहिला.
"तेव्हा टेबलावर चिठ्ठ्या यायच्या," तिकडूनच म्हणाले,
"सही नाही, काही नाही. नुसता शीटचा नंबर."

"ठेवल्यात?"

हे मी विचारलं.
आणि विचारता विचारता कळलं
की त्यांच्या मुलीने विचारलेलं नाही.

शुक्रवार शेवटची तारीख.
शाईने भरा, असं खाली छापलंय.
मी रकाना सात पेन्सिलीने भरलाय,
अक्षर बारीक करून, तरी बाहेर गेलंय.

आज सकाळी फॉर्मवर बुटांचा एक खोका ठेवलेला दिसला,
सुतळीने बांधलेला.
बाबा फिरायला गेलेत, रोजच्यापेक्षा लवकर.
गाठ बारीक आहे, नीटस,
नखाने सुटत नाही.