पर्जन्यमापकाच्या वहीचा समास

रोज सकाळी आठला मी बाटलीतलं पाणी मोजते.
बावीस पूर्णांक चार. सहा. एकतीस.
चिलोए बेटावर पाऊस ही बातमी नसते,
हजेरी असते.
महिनाअखेर कागद बोटीनं पलीकडे जातो,
पुएर्तो मोन्तच्या कचेरीत कुणीतरी बेरीज करतं.

पण वहीला समास आहे,
आणि समासाला मालक नाही.
तिथं पहिल्यांदा लिहिलं ते अडचण म्हणून:
मापकात गोगलगाय. वजा करायची का?
उत्तर आलं नाही. मग हात सुटलाच.

*

चुकाओ पक्षी आज डावीकडून ओरडला.
उजवीकडून ओरडला तर दिवस चांगला,
डावीकडून, तर वाटेतून माघारी फिरायचं,
इथं लहान पोरांनाही ठाऊक.
शेजारचे उल्दारिसियो अशा वेळी
गर्रकन उलटे उभे राहतात, म्हणतात,
झाला की नाही उजवीकडे?
मी दोन्ही मोजते.
उजवीकडून एकशे सहा, डावीकडून एकशे एकोणीस.
दिवस कसे गेले,
त्याचा रकाना आखायचा राहून गेला.

*

नाल्काच्या पानाखाली उभं राहिलं
तर पाऊस ऐकू येतो, लागत नाही.
आत पाच गोगलगायी. मी सहावी.

*

ओढ्याकाठी टोकदार नाकाचा बेडूक,
अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा.
नर. गळा फुगलेला.
आत त्याची पोरं आहेत, वाढतायत.
आतून एकीनं लाथ मारली
तशी गळ्याची कातडी हलली.
बाप जागचा हलला नाही.

माझा नवरा दर ऑक्टोबरात
मागायानेसला मेंढ्या कातरायला जायचा.
आमच्या चौघांपैकी तिघं
त्याच्या पाठीमागेच जन्मली.
बेडकाची तारीख लिहिलेली सापडते.
त्याच्या येण्याजाण्याची नाही.

*

आता मोस्कार्दोन.
आमचा नारिंगी भुंगा, केसाळ, उंदराच्या पिल्लाएवढा,
चिलकोच्या फुलात शिरला की फूल खाली वाकायचं
आणि तो निघाला की झोका घ्यायचं.
धाकटीच्या लग्नाच्या वर्षी एका दुपारी चौतीस.
मग नऊ.
मग दोन, त्यातला एक मेलेला, दाराच्या पायरीवर.
काचघरातल्या टोमॅटोंसाठी बाहेरून आणलेले
काळेपिवळे आता सगळीकडे.
ते फुलाच्या दारानं येतच नाहीत,
देठाशी भोक पाडून रस नेतात.
कुणाचा राग करावा? त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या वर्षी समासात ती जागा कोरी सोडायचे.
मग कळलं, कोरी जागा म्हणजे पाहिलंच नाही.
शून्य म्हणजे पाहिलं, पाऊण तास पाहिलं,
गुडघे भिजेस्तोवर पाहिलं,
आणि नव्हता.
तेव्हापासून शून्य लिहिते.
फुलोऱ्याचे तीन उन्हाळे, रोज एक,
नीट, गोल, टोकं जुळवून.

कचेरीतून चिठ्ठी आली:
बाई, समास कृपया स्वच्छ ठेवावा.
अक्षर सुंदर होतं. मी ती वहीतच ठेवली,
बेडकाच्या पानावर.

*

जानेवारीत छाती भरली, अकरा दिवस अंथरुणात.
मोजायला उल्दारिसियोंचा नातू एलादियो आला.
वय नऊ. सहा दिवस आकडे बरोबर.
सातव्या दिवशी पावसाच्या रकान्यात लिहिलंय: खूप.
आणि समासात: १?

प्रश्नचिन्ह त्यानं स्वतःहून घातलं.
कुठं दिसला, विचारलं, तर म्हणाला, फुलावर.
कुठल्या? लाल.
इथं कुंपण न् कुंपण लाल असतं जानेवारीत.
पट्टे होते का रे? तो बराच वेळ गप्प बसला,
मग म्हणाला, मी काढलाय ना.

काढला होता. नारिंगी खडू नव्हता
म्हणून आजोबांच्या होडीचा रंग लावला होता,
बोटानं, जाड.
पान आठवडाभर वाळलं नाही,
पुढच्याला चिकटलं.
सावकाश सोडवलं तरी
थोडा रंग पलीकडे उतरलाच,
मी उठले त्या दिवसावर.

तिथं माझ्या अक्षरातलं शून्य आहे,
आत नारिंगी डाग.
खोडायचं कुठलं, यावर बराच विचार केला.
पाऊस एकोणीस पूर्णांक दोन.
वारा वायव्येकडून.