अपुरी पिंपं

मी लांगेच्या टेकड्यांतली. आमच्याकडे
नेब्बियोलोच्या पिंपात बोटभर जागा दिसली
तरी बाबांना झोप लागायची नाही.
दर शनिवारी काठोकाठ भरायचं.
हवा म्हणजे चोर.

लग्न होऊन सार्डिनियात आले, तिर्सो नदीकाठी,
आणि पाहते तर तळघरातली सगळी पिंपं अपुरी.
वाटलं, गरिबी असेल,
नाहीतर नुसता आळस.
गुपचूप झारी घेऊन भरायला गेले,
एफीझियाबाईंनी मनगट धरलं:
"थांब गं. साय मोडेल."

दिवा वाकवून दाखवली त्यांनी.
वेर्नाच्चावर राखाडी, सुरकुतलेली, जिवंत साय,
आणि समुद्राकडच्या झरोक्यातून
मुद्दाम आत घेतलेला वारा.
"ही हवेवर जगते. हिच्याखाली वाइनचा बदाम होतो."
किती वर्षांनी?
"गाविनोला विचार," म्हणाल्या, नि हसल्या.
गाविनो म्हणजे सासरे. मी यायच्या आधीच गेलेले.

अजून शनिवारी बाबांचा फोन येतो.
पिंपं भरलीस का?
भरली, म्हणते.
पेला नाकाशी धरते: कडू बदाम, मीठ,
आणि खुंटीवर राहिलेल्या
कुणाच्या तरी कोटाचा वास.