कमावणं

सागरमाळाच्या टेकाडावर, तळघरात,
काळ्या पडद्याआड माझी खोली.
वरून ट्रॅक्टर गेला तरी आकडा दचकतो,
म्हणून दार बंद, पंखा बंद,
चपला बाहेर.

आज हनुवटी टेकून विरधवल चौगुले,
वय अठरा, तालीम गंगावेशीतली.
वजन फॉर्मवर नाही लिहिलं, स्टुलानं सांगितलं.
आखाड्याची माती डोळ्यात गेली
की मनगटानं रगडायची, लहानपणापासूनची खोड.
आता दिव्याला दोन शेपट्या दिसतात
आणि समोरच्याचा हात येतो
त्याच्या सावलीसकट,
धरायचा कुठला ते कळत नाही.

"हलू नको."
"मला हलवणारा अजून जन्माला यायचाय, ताई."
आणि स्वतःच हसतो.
पहिलं मोजमाप वाया.

मी उजेड सोडते, लाल, जेमतेम दिसेल इतका.
बुबुळाला कुणी हात लावत नाही, फुंकर मारत नाही.
बाहेरून काच, पण आत
सगळं बारीक थरथरत असतं सारखं,
कुणालाच ऐकू न येणाऱ्या आवाजासारखं.
उजेड त्या थरथरीला धडकून माघारी येतो
रंग किंचित बदलून.
घट्ट जागेतून आला तर थोडा जास्त,
सैल जागेतून थोडा कमी,
फरक दुसऱ्या दशांशात.
परत आलेल्याला विचारायचं,
कुठं होतास, तिथं कसं होतं?
या कामाचा पगार मिळतो मला.

आमच्या सुभाषनगरात हे अंगठ्यानं व्हायचं.
आण्णा कातडं उचलायचे, दुमडायचे,
अंगठा दाबून गप्प राहायचे
रेडिओवरची बातमी संपेपर्यंत.
"पाठीचं हाय. तळाला घे."
"ह्ये पोटाचं. ताणंल आन् तसंच ऱ्हाईल."
बाभळीची साल, हिरडा, पाणी, दिवसांवर दिवस.
वास शाळेपर्यंत माझ्यासोबत यायचा
आणि बाकावर शेजारी बसायचा.
दुसरं कुणी बसायचं नाही.

डोळ्याचं हे पटल आणि म्हशीचं ते कातडं
एकाच धाग्याचं विणकाम.
प्रबंधात हे वाक्य मी तीनदा लिहिलं
आणि तीनदा खोडलं.
सरांनी नाही. मीच.

पडद्यावर नकाशा उमटतो,
मधोमध नाही, जरा खाली,
निळा डाग, शेंगदाण्याएवढा.
"काय घावलं?"
"एका जागी सैल झालंय."
तो विचार करतो. मान डोलावतो.
"मग कमवायला लागंल."

पहिलवानाचा शब्द आहे तो,
दंड कमावतात, मांड्या कमावतात, मान कमावतात.
आमचाही होता.
कातडं कमावतात.
मला पुढचं बोलता येईना.
मग सांगितलं, डॉक्टर मुजावर पिवळे थेंब घालतील,
वर जांभळा उजेड धरतील अर्धा तास,
सुटलेले धागे एकमेकांना धरतील.
फार दुखणार नाही.
डोळे मात्र चोळायचे नाहीत, कधीच.
"आन् कुस्ती?"
त्याचं मोजमाप माझ्या यंत्रात नाही.

तो गेल्यावर मी पिशवीतून
आण्णांच्या पेटीतला तुकडा काढला,
नखाएवढा, कधीच्या तरी पट्ट्याचा.
बुबुळाच्या जागी ठेवला.
लाल उजेड सोडला.

काही परत आलं नाही.
म्हणजे आलं, पण सगळा नुसता गलका,
बाजार उठल्यावर यावा तसा.
ज्यातून आरपार दिसत नाही
त्याच्याशी या उजेडाला बोलता येत नाही.

बटण बंद केलं.
अंधारात तुकडा दुमडला,
अंगठा ठेवला, थांबले.

पाठीचं होतं.