उभ्या सायकलीचे वॅट

सायकल भिंतीला टेकून उभी.
साखळी गार, पेडलवर कोणी नाही,
आणि हँडलवरचा आगपेटीएवढा पडदा सांगतोय:
एकशे अठरा.
मग एकशे बावीस.
मग पुन्हा एकशे अठरा.

आधी सेल बदलला.
माणूस आधी सेलच बदलतो.
नाण्याएवढी चकती नखाने उचकटली,
रबरी कडा पुसली. आत ओल नव्हती.
झॉटेगेममध्ये नोव्हेंबरात कुठे ओल नसणं
हेही तसं संशयास्पदच.

मग शून्य ठरवलं.
स्वयंपाकघरातल्या उबेतून आणलेली सायकल
अर्धा तास गॅरेजच्या गारठ्यात मुरू दिली,
कारण धातूही थंडीत अंग आखडतो
आणि आखडलेलं अंग खोटं वजन सांगतं.
क्रँक सरळ खाली, पाय काढलेला, श्वासही जवळजवळ रोखलेला.
पडदा म्हणाला: झालं.
आणि लगेच: एकशे वीस.

भावाला फोन लावला. वानेस गेंटला सायकली दुरुस्त करतो.
म्हणाला, आनेलोर, नवी आवृत्ती चढव.
चढवली.
म्हणाला, मग सगळं पुसून पहिल्यापासून सुरू कर.
तेवढं मात्र केलं नाही.
आत पाच वर्षांचे चढ आहेत, बहुतेक वाऱ्याविरुद्ध,
आणि एक दुपार अशी, की टपालाच्या फेरीत
एक कुत्रा मागे लागला होता.
तो माझा आजवरचा उच्चांक.

रात्री साडेअकरा.
स्टुलावर बसून मी नुसती बघत राहिले.
आकडा वीस मिनिटं चालायचा, मग नव्वद, साठ, शून्य.
दोन मिनिटं काहीच नाही.
मग पुन्हा तीस, सत्तर,
जसं कोणी उठताना गुडघ्यावर हात ठेवतं.
बिघाड असा दमत नाही.
बिघाडाला पाणी प्यावंसं वाटत नाही.

भिंतीला कान लावला.
एका विटेची भिंत, दोन घरांची एकच.
पलीकडे बारीक घरघर.

पलीकडे अलोइस देवुल्फ.
ईस्टरपासून दिसलेला नाही,
कचऱ्याच्या पिशव्या अंधार पडल्यावर बाहेर येतात.
त्याचं टपाल मीच टाकते:
आल्स्टच्या इस्पितळाची खिडकीवाली पाकिटं,
आणि सप्टेंबरात एक जड खोकं,
जे मी दारात ठेवून, बेल दाबून, पुढे निघून गेले होते.

माझा मीटर फक्त डावा पाय मोजतो
आणि दुप्पट करून सांगतो.
उजव्याचं तो धरूनच चालतो.
त्याचाही तसलाच असेल तर
टाके कुठल्या पायाला पडले
हे या आकड्याला कसं कळावं?

बॅटरी लावून क्रँकची आतली बाजू पाहिली.
चिखल खरवडल्यावर पाच अंक निघाले, माझे.
पडद्यावरचे पाच वेगळेच.
आपणहून शोध म्हटलं होतं मी त्याला उन्हाळ्यात,
आणि त्याने जो पहिला हाकेला ओ देईल
त्यालाच माझा मानलं.

वेगळे अंक विजेच्या बिलामागे उतरवून घेतले.
का, ते माहीत नाही.
मग ते पुसून माझे घातले.
शून्य.
उभ्या सायकलीचं खरंखुरं शून्य.
गॅरेज एकदम मोठं वाटलं.

सकाळी सत्तावीस नंबरला पुन्हा खिडकीवालं पाकीट.
फटीत सरकवता सरकवता थांबले.
सांगणार काय?
की तुमचे एकशे बावीस माझ्याकडे येत होते,
रात्रीचे, किती दिवस कोण जाणे?
पण चुकीच्या पत्त्यावर पडलेलं
नेऊन पोहोचवायचं,
मला पगारच त्याचा मिळतो.

बेल दाबली, आणि या वेळी उभी राहिले.
आत काहीतरी फिरत होतं.
ते हळूहळू
थांबलं.