धंदा : स्टोअरकीपर

त्याच्या कार्डावर लिहिलं होतं, धंदा : स्टोअरकीपर.
मुहर्रकच्या गोदामात माल मात्र मी मोजायचो,
चार सुती नट, पितळी वॉशर, नांगराच्या साखळ्या,
आणि खाली सही त्याची :
देवीदास बोकारे, सहा फूट चार इंच,
राहणार महाल, नागपूर.
त्याचा पगार नव्वद दिनार. माझा पंचावन्न.

पैसे कशाचे ते सगळ्यांना ठाऊक,
फक्त लिहायला रकाना नव्हता.
चौऱ्याहत्तर साली खेळायचे पैसे घेणं म्हणजे
आरतीच्या ताटातली चिल्लर खिशात घालणं.
क्लबचा बू-सलमान मोटारीची काच चार बोटं खाली करून
पाकीट द्यायचा, दुसरीकडे बघत.

मैदान डांबरी. इशाच्या नमाजानंतर दिवे लागायचे,
खाडीची ओल डांबरावर उतरायची,
दोन पोरं गोणपाट ओढत फिरायची या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मग तो यायचा, हळू,
अंधारात जिना चाचपत उतरावं तसा,
आणि एकदम जिना वर जायचा.
"या तवील!" भिंतीवरची पोरं. उंच्या, अरे उंच्या!
मी टेबलाशी, पेन्सिल घेऊन.
दोन. दोन. दोन.
दिवसा त्याचे वॉशर, रात्री त्याचे गुण,
दुसऱ्याचंच मोजण्यात जन्म चाललाय,
असं मालवणला पत्र लिहिलं होतं एकदा.
टाकलं नाही.

आता सांगायला हरकत नाही :
सित्राच्या सामन्यात मी त्याचे दोन गुण कमी मांडले.
जिंकलोच होतो, कुणाला कळलं नाही.
त्याला कळलं.
परतताना म्हणाला, "काऊन बे, भूक लागली होती का?"
आणि कबाबच्या गाडीपाशी थांबला.
पैसे त्यानेच दिले.

अठ्ठ्याहत्तरला गुडघा गेला.
बर्फ, कापराचं तेल, पट्टा, पुन्हा बर्फ.
पुढच्या हंगामात ओहायोचा एक पोरगा आला, च्युइंगम चघळत,
त्याच्या कार्डावर चक्क टाइप केलेलं : लाइब.
देवीदासने ते कार्ड दिव्याखाली धरलं, बराच वेळ.
अरबी त्याला येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, खेळाडू.
"असं," म्हणाला. "म्हणजे लिहितात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गोदामाच्या दारात उभा,
इस्त्रीचा सदरा, पुढे केलेला हात :
"किल्ल्या दे. अन् शिकव."

मग एकवीस वर्षं.
कार्ड बदलावं लागलं नाही.
मोजायला धीमा, पण एक वॉशर इकडचा तिकडे नाही.
वरच्या फळीसाठी शिडी लागायची नाही, तेवढं बरं होतं.
दुपारी मालक जेवायला गेला की
दूधपावडरचा रिकामा डबा दाराशी ठेवून
पंधरा पावलांवरून वॉशर फेकायचा.
फेकून झाल्यावरही हात तसाच वर,
मनगट पुढे वाकलेलं,
दूरच्या कुणाला थोडं थांब म्हणावं तसं.
टण्ण.
आणि मी त्याच्यामागे, स्टुलावर,
हिशेबवहीच्या शेवटच्या पानावर
उभ्या चार रेघा, पाचवी तिरकी.

वही आहे माझ्याकडे.
त्यात सित्राचे ते दोन
मी अजून धरलेले नाहीत.