मोजदाद

जेल रोडवरची निम्मी माणसं मला थांबवून विचारतात,
काका, हिला खायला घालत नाही का?
घालतो हो. नाचणी, दोन अंडी, रात्री अळणी कोंबडी-भात.
माझ्या शुगरपेक्षा हिच्या ताटलीची चर्चा घरात जास्त.
पण ही जातच अशी,
मागच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात;
त्या दिसेनाशा झाल्या की घाबरायचं.

नाव सुतळी.
कुठल्याशा शर्यतीतून बाद झालेली ग्रेहाउंड,
कानाच्या आतल्या बाजूला हिरव्या शाईचा नंबर.
चौतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये मी नंबरच तपासले,
बाद ताव बाजूला काढले, सही केली,
पुन्हा वळून पाहिलं नाही.
निवृत्तीनंतर त्यातला एक घरी आणलाय, असं शैला म्हणते.

उजेडासमोर तिचा कान धरला
तर शिरा दिसतात, जलचिन्हासारख्या.
कातडीही तेवढीच पातळ.
निकमांच्या कुंपणावरच्या बोगनवेलीला नुसती घासून गेली
आणि मांडी पाकिटासारखी उघडली. नऊ टाके.
ती ओरडली नाही. निकमकाकू ओरडल्या.

डिसेंबरात इथली थंडी थेट हिच्या हाडांना भेटते,
मध्ये अडवायला चरबीच नाही.
शैलानं माझा निळा स्वेटर कापला,
बाही हिच्या मानेला अचूक बसली.
आता पहाटे मी शाल पांघरून फिरतो
आणि माझा स्वेटर माझ्या चार पावलं पुढे चालतो.

संध्याकाळचा तास गोचिडांचा.
बोटांच्या बेचक्यात, कानामागे, शेपटीखाली,
नोटा मोजतात तसा केसांतून अंगठा सारत जायचं,
सापडली की डेटॉलच्या वाटीत.
तरी एक सुटलीच गेल्या भाद्रपदात. ताप.
प्लेटलेट एक लाख दहा हजार,
लॅबवाल्या पोरानं आकड्याभोवती लाल गोल काढून दिला.
डॉक्टर पगारेबाईंनी गोल पाहिला, मग सुतळीच्या हिरड्या पाहिल्या,
म्हणाल्या, हिच्या जातीत मुळातच कमी असतात,
दुसऱ्या कुत्र्याच्या फुटपट्टीनं हिला मोजू नका.
गोळ्या मात्र अठ्ठावीस दिवस दिल्या.

आणि मग फेब्रुवारी.
मखमलाबादचा भास्कर पिंगळे दरवर्षी पेटी आणून देतो.
त्याला फाटकापर्यंत सोडून मी परत आलो,
तर पेटीचा कागद जमिनीवर
आणि सुतळी भिंतीकडे तोंड करून उभी.
या शहरात कुणाला कसं सांगायचं,
की द्राक्ष हे कुत्र्याला विष?
भास्कर तर फोनवर दुखावलाच:
अरे, निर्यातीचा माल आहे, फवारणीचं काही राहिलेलं नाही त्यात!

मी घडाचे रिकामे देठ मोजले. बावीस.
रिक्षात तिचं डोकं मांडीवर, मी पुन्हा मोजले. बावीस.
पगारेबाईंनी इंजेक्शन दिलं, सुतळीनं सगळं ओकलं,
लादीवर आम्ही दोघं उकिडवे बसून
चमच्यानं एकेक बाजूला करत होतो.
एकोणीस.

तीन दिवस सलाईन. तीन रात्री
मी बॅटरी घेऊन अंगणात तिच्या मागे,
ती लघवी करते का, किती वेळ करते,
मनात एक, दोन, तीन, चार...
ती मान वळवून माझ्याकडे बघायची,
जरा तरी लाज, अशा नजरेनं.
चौथ्या दिवशी किडनीचा कागद बरा आला.
शैला तिथेच बाकावर बसून रडली,
आणि मग मलाच रागावली,
पेटी खाटेवर ठेवतं का कुणी?

मे महिन्यात गादी उन्हात घालताना
खोळीच्या कोपऱ्यातून काहीतरी घरंगळलं.
सुरकुतलेले, सोनेरी. मनुके.
सुतळी नाक पुढे करायच्या आत मुठीत घेतले.
दोन.

खोळ उलटी केली, शिवण उसवून पाहिली.
तिसऱ्याचा हिशेब अजून लागत नाही.
ती झोपली की रोज रात्री
बरगड्यांवर हात ठेवून बसतो थोडा वेळ.