वाचकांचा कल

जिल्ह्याहून फॉर्म आलाय: वाचकांचा कल कळवा.
रकाने सहा. सक्करदरा त्यात मावत नाही.

कूलरसमोर भरतीची पोरं,
गाईडं त्यांची, खुर्च्या आमच्या.
कादंबऱ्यांच्या कपाटाला नागपूरच्या मे महिन्यात
माझाच काय तो हात लागतो, धुळीपुरता.

दमयंती खोब्रागडे शेवटचं पान आधी उघडते.
"मरत असंल कोणी तर नको मॅडम,
घरी पुरे झालं."
तिच्यासाठी मी हल्ली शेवट तपासून ठेवते.

आणि टपालातून निवृत्त झालेले हेमराज धोटे.
"हलकं काही द्या नं."
विनोदी दिलं. दुसऱ्या दिवशी परत.
प्रवासाचं दिलं, गमतीचं. तेही परत.
तिसऱ्यांदा मी चिडले:
काऊन, आवडून नाही राह्यलं का काहीच?

त्यांनी मनगट पुढं केलं. वाकडं जुळलेलं हाड.
"हलकं म्हनलं मॅडम. वजनानं.
झोपून वाचतो, हातात ठरत नाही."

संध्याकाळी समोरच्या किराण्यातून काटा मागून आणला.
दुकानदाराला वाटलं, रद्दी काढली.
एकेक पुस्तक तोललं,
आतल्या पानावर पेन्सिलीनं ग्रॅम लिहिले.
कपाटातलं सगळ्यात जड दुःख
एकशे चाळीस भरलं,
पातळ कागद, जुनी छपाई.
ते नेलं त्यांनी. आठ दिवस झाले,
अजून आणलं नाही.

फॉर्मवर, कल या शब्दापुढं,
"दोनशे ग्रॅमच्या आत" असं लिहिलं.
मग खोडलं.
तसाच पाठवला.
खोडलेलं वाचता येतं.